अठराशेची हजामत

कात्रण एका गिऱ्हाइकानंच आणून दिलं. रविवारच्या पुरवणीतला लेख, दोन ठिकाणी लाल पेनानं रेघ मारलेली. त्यांचा शित्झू टेबलावर उभा होता आणि माझ्या हातात कातर होती, म्हणून तो कुत्रा घरी गेल्यावर दुपारचा डबा खाताखाता मी लेख वाचला. लिहिणारे निवृत्त प्राध्यापक आहेत. नाव घेत नाही. त्यांच्यासारखं बोलणारी माणसं मला आठवड्याला दोन तरी भेटतात, तेव्हा हे उत्तर सगळ्यांनाच धरा.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. माणसाची हजामत शंभर रुपयांत होते आणि कुत्र्याची अठराशेत, म्हणजे ही सरळ लूट आहे. कुत्र्याला अंगभर केस निसर्गानंच दिलेत, गावाकडच्या कुत्र्याला कोण न्हाऊ घालतं, कोण त्याची नखं काढतं? आणि तिसरं म्हणजे शिकलीसवरलेली पोरं कष्टाची कामं टाकून या सोप्या पैशाच्या मागं लागली आहेत. शेवटाला ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ ही म्हण त्यांनी ठेवून दिली आहे.

म्हण वाचून हसू आलं, कारण मी न्हावीच आहे. आजोबा सातारा जिल्ह्यात बलुत्यावर काम करायचे. काखेत धोकटी, आणि वर्षभराच्या दाढी-डोक्याच्या बदल्यात सुगीला धान्य. वडील हडपसरला आले, दोन खुर्च्यांचं सलून टाकलं. दुसरी खुर्ची मी नऊ वर्षं सांभाळली. गेली सहा वर्षं त्याच रस्त्यावर, चार गाळे सोडून, कुत्र्यांचं ग्रूमिंगचं दुकान चालवतो. शंभराची हजामत आणि अठराशेची हजामत दोन्ही मी याच हातानं केल्यात. तेव्हा हिशेब मांडायचा हक्क सरांपेक्षा मला थोडा जास्त आहे.

आधी शंभराचं बघू. गिऱ्हाईक स्वतःच्या पायानं येतं, खुर्चीत बसतं, ‘बारीक करा’ म्हणतं आणि आरशात बघत राहतं. पंधरा मिनिटांत उठतं. तासाला चार डोकी म्हणजे एका माणसाच्या हाताला चारशे रुपये. आता शित्झू. आधी नखं आणि कान. मग कंगवा घालून गाठी सोडवायच्या, सुटत नाहीत त्या कापायच्या. मग दोनदा शाम्पू, कारण पहिल्या वेळी नुसता मळ आणि तेल निघतं. मग ब्लोअरनं मुळापर्यंत कोरडं करायचं, केस सरळ उभा राहीपर्यंत. ओल्या केसावर कातर चालवली की सुकल्यावर पायऱ्या दिसतात. त्यानंतर खरी कटिंग. एवढ्याला अडीच तास, आणि एकट्याचं काम नाही. एकानं धरायचं, एकानं कापायचं. अठराशे भागिले अडीच, म्हणजे तासाला सातशे वीस. दोघांत वाटले तर माणशी तीनशे साठ. सर, कुत्र्याच्या टेबलावर माझा हात सलूनमधल्या हातापेक्षा स्वस्त पडतो. लूट म्हणायचीच तर ती कोण कुणाची करतंय ते बघा.

हा हिशेब सगळ्यांना समजतो, पण पटत नाही. का पटत नाही तेही मला कळतं. कुत्र्यावर खर्च होणारा प्रत्येक रुपया माणसाच्या तोंडातून काढून घेतला असं वाटतं. वाटू दे. पण तो प्रश्न कुत्रा पाळणाऱ्याला विचारायचा, त्याच्या कपाटातल्या घड्याळाबद्दल आणि गाडीबद्दलही विचारायचा. सोनाराला कुणी म्हणत नाही की तू बांगडीची घडणावळ घेतोस ही लूट आहे, कारण शेजारच्या वस्तीत लोक उपाशी आहेत.

दुसरा मुद्दा निसर्गाचा. इथे सरांचं निम्मं बरोबर आहे. देशी कुत्र्याला माझी गरज जवळपास नाही. आखूड केस, ऋतू बदलला की आपोआप झडणारे, मातीत-डांबरावर फिरून झिजलेली नखं. कुणी देशी कुत्रं आणलं तर मी ब्रश मारून, कान बघून, अर्ध्या तासात परत पाठवतो आणि दोनशे घेतो. कारवानी किंवा मुधोळ हाउंडही तसाच, अंगाला चिकटलेला आखूड केस. पण शित्झू, पूडल, ल्हासा, माल्टीज यांचा केस लांडग्याच्या केसासारखा ठरावीक लांबीला थांबून गळत नाही. तो आपल्या डोक्यावरच्या केसासारखा वाढतच राहतो. हा निसर्ग नव्हे. शेकडो वर्षं माणसानं निवडून निवडून घडवलेलं जनावर आहे ते, आणि त्याची कातरणी त्याच्या घडणीतच गृहीत धरलेली आहे. मेंढीचं बघा की. २०१५ साली ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळ रानात भरकटलेला एक मेरिनो मेंढा सापडला. वर्षानुवर्षं कातरला न गेलेला. त्याच्या अंगावरून चाळीस किलोहून जास्त लोकर निघाली. त्याला धड चालताही येत नव्हतं. निसर्गावर सोडलेलं माणसानं घडवलेलं जनावर असं दिसतं.

आणि जनावराची निगा राखायला माणूस लागतो ही कल्पना काही काल विमानातून उतरलेली नाही. धनगर वर्षातून दोनदा मेंढरं कातरतात, तेव्हा कुठे घोंगडी होते. पागेत घोड्याला खरारा करायला मोतद्दार असायचा, तेवढंच त्याचं काम. आमच्याकडे आषाढात बेंदूर, इतरांकडे श्रावणात पोळा. आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी, हळद-तूप लावून. मग आंघोळ, मग शिंगं साळायची, रंगवायची. माझ्या आजोळी शिंगं साळणारा एक माणूस बोलावला जायचा आणि त्याला पैसे द्यावे लागायचे. त्याला कुणी चोचले म्हणाल्याचं मी ऐकलं नाही. तिकडे पॅरिसमध्येही अठराव्या-एकोणिसाव्या शतकात पाँ नफ पुलावर कुत्री कातरणारे लोक पेटी घेऊन बसत. आजोबांच्या धोकटीचाच तो फ्रेंच भाऊ. पूडलची ती चेष्टेची कटिंग, ज्यावर सरांनी अख्खा परिच्छेद खर्ची घातलाय, तीसुद्धा कामातून आलेली आहे. पूडल पाण्यात उतरून शिकार आणणारा कुत्रा. पोहताना जड होऊ नये म्हणून अंग कातरायचं, छाती आणि सांधे गारठू नयेत म्हणून तिथला केस ठेवायचा. पुढे त्याचा नखरा झाला, तो भाग वेगळा.

नखऱ्याबद्दल आत्ताच कबूल करून टाकतो. ब्लूबेरी फेशियल नावाची एक बाटली माझ्याही फळीवर आहे. वाढदिवसाला कानाला गुलाबी रंग लावून मागणारे लोक येतात. अत्तर मारा म्हणतात, आणि कुत्रा घरी जाऊन दिवसभर शिंकतो. या सगळ्याची बाजू मी घेणार नाही. बाटलीचे दोनशे रुपये घेतो आणि गप्प बसतो. सरांनी एवढ्यावरच लेख लिहिला असता तर मी त्यांना चहाला बोलावलं असतं.

पण आता जुलैमधला एक दिवस सांगतो. पाच वर्षांची शित्झू मादी, वजन सहा किलो, चार महिने घरीच ‘वरवर विंचरलेली’. वरून मऊ, गुबगुबीत. बोटं केसांत घातली की मुळाशी जट. नुसती गाठ नव्हे, काखेपासून पोटापर्यंत आणि दोन्ही कानांच्या मागे एकसलग, घोंगडीच्या तुकड्यासारखी. पावसात भिजून आत वाळलीच नव्हती. तिनं पाय उचलला की जट कातडी ओढायची, म्हणून ती चालतच नव्हती. घरचे म्हणाले, आळशी झालीय. अशा वेळी कात्री चालत नाही. कातडी जटेत वर ओढलेली असते, कुठे केस संपतो आणि कुठे कातडी सुरू होते ते दिसत नाही. दहा नंबरचं ब्लेड, जे दीड मिलिमीटर केस ठेवतं, ते कातडीशी सपाट धरून जटेच्या खालून सरकवायचं, बोटभर पुढे, थांबायचं. दर दोन-तीन मिनिटांनी ब्लेड स्वतःच्या मनगटाला लावून बघायचं, तापलेलं ब्लेड कातडी भाजतं. वास आधीच आला होता. डाव्या कानामागची जट उघडल्यावर अळ्या दिसल्या. तिथे मी थांबलो, कारण पुढचं काम डॉक्टरांचं. मालकीणबाई रडायला लागल्या. साहेब मात्र विचारत होते, टक्कल केलंत, आता फोटो कसे काढायचे?

त्या दिवशी चार तास गेले. जटेचे जादा पाचशे सांगितले, तर त्यावर घासाघीस झाली. उघडा झालेला कान कुत्रा जोरजोरात झटकतो आणि पाळीत रक्त साकळून फुगा येतो, म्हणून कान बांधून दिले, ते वेगळंच. याला चोचले म्हणणाऱ्या माणसानं तो वास एकदा घ्यावा.

ही लूट नाही, याचा आणखी एक पुरावा देतो. दर मे महिन्यात हस्की, गोल्डन, पॉमेरियन घेऊन लोक येतात आणि सांगतात, उकडतंय, सगळं काढून टाका. यांचे केस दुहेरी असतात, वर राठ आणि आत मऊ लोकर. तो थर उन्हालाही अडवतो. भादरलं तर कुत्रा गार होत नाही, कुत्र्याला अंगभर घाम येतच नाही, तो धापा टाकून गार होतो. उलट कातडीला ऊन लागतं, आणि कित्येकदा केस पुन्हा नीट येत नाहीत, ठिगळं राहतात. भादरायला मला चाळीस मिनिटं लागतील. आतली मेलेली लोकर ब्लोअरनं आणि कंगव्यानं काढायला दोन तास लागतात. मी भादरायला नाही म्हणतो. निम्मे लोक ऐकतात, उरलेले पुढच्या चौकात जातात आणि तिथे भादरून घेतात. लुटायचंच असतं तर चाळीस मिनिटांचं काम मी सोडलं असतं का? पुण्याच्या फ्लॅटमध्ये हस्की कशाला घेतलात, हे विचारायचं माझ्याही जिभेवर येतं. सर, त्यावर लिहा ना. पिल्लं विकणाऱ्यावर लिहा. कातरणारा साखळीत सगळ्यात शेवटी उभा आहे.

आता तिसरा मुद्दा, सोपा पैसा. याचा मला खरा राग आहे, आणि तो एकट्या सरांवर नाही. ही थाप दोन्हीकडून मारली जाते. सर म्हणतात, सोपा पैसा आहे, म्हणून लाज वाटू द्या. कोर्सवाले म्हणतात, सोपा पैसा आहे, म्हणून या. पंधरा दिवसांत ग्रूमर व्हा, कुत्र्यांवर प्रेम करा आणि महिन्याला लाख कमवा. असा एक कोर्स पासष्ट हजारांत करून आलेला मुलगा माझ्याकडे कामाला होता. पंधरा दिवसांत त्यानं नऊ कुत्री हाताळली होती, त्यातली चार लॅब्रेडॉर, ज्यांना कटिंगच नसते. काळं नख त्यानं कधी कापलेलंच नव्हतं. पांढऱ्या नखात आतली गुलाबी शीर दिसते; काळ्यात दिसत नाही. थोडं थोडं कापत जायचं, आणि कापलेल्या तोंडावर मध्ये काळा ओलसर ठिपका दिसला की हात आवरायचा. त्यानं आवरला नाही. रक्त आलं, कुत्रा किंचाळला, मालक किंचाळले. वडिलांच्या सलूनमधली तुरटी तिथे कामाला आली.

लाखाचं काय? माझी वही उघडी ठेवतो. सोमवारी बंद. मंगळवार ते शुक्रवार रोज दोन कुत्री, शनिवार-रविवार मिळून नऊ. महिन्याला सत्तरच्या आसपास. सगळीच अठराशेची नसतात; नुसती आंघोळ हजाराची, नखं दोनशेची. सरासरी १,२५० धरा, म्हणजे ८७,५००. गाळ्याचं भाडं २४,०००. मदतनीस १६,०००. वीज ६,५००, कारण ब्लोअर आणि गिझर दोन्ही खातात. शाम्पू, टॉवेल, औषधं ७,०००. ब्लेडला धार आणि मशीनची दुरुस्ती ३,०००. पाण्याचा टँकर, फोन, चहा-कचरा ३,०००. उरले २८,०००. त्यात हायड्रॉलिक टेबलाचा हप्ता अजून चालू आहे. वडिलांच्या दोन खुर्च्या चांगल्या महिन्यात याहून जास्त देतात, हे घरी मला अधूनमधून ऐकवलं जातं.

मग मी हे का करतो? आवडतं म्हणून, असं म्हटलं की सगळे माना डोलावतात आणि दर कमी करायला सांगतात. प्रेमाच्या कामाला पैसे कशाला, हा त्यांचा पुढचा डाव असतो. तेव्हा आवडीबद्दल मी दुकानात बोलत नाही.

शरीराचं बोलतो. डाव्या अंगठ्यावर सात टाक्यांचा व्रण आहे, एका कॉकर स्पॅनियलचा. चूक त्याची नव्हती, कान दुखत होता आणि मी घाई केली. रेबीजची लस मी आधीच घेऊन ठेवलीय, तरी चावा झाला की दोन डोस, त्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी. लस न घेतलेल्या माणसाला त्याहून जास्त घ्यावे लागतात. पावसाळ्यात गोचिडी. दिवसभर उभं राहून पाठ. आणि एक गंमत सांगतो. वडिलांच्या बोटांच्या बेचक्यात बारीक केस घुसून तिथे भोक पडायचं, पू व्हायचा; न्हाव्यांचा हा जुना आजार आहे. मला वाटलं, सलून सोडलं, सुटलो. गेल्या वर्षी माझ्याही उजव्या हाताच्या बेचक्यात तेच निघालं. डॉक्टर म्हणाले, काम काय करता? मी म्हटलं, घरचंच.

माझ्या हातूनही चुका झाल्यात, त्या झाकत नाही. तिसऱ्या वर्षी एका पूडलच्या कानाचं टोक कात्रीत आलं. बघायला एवढंसं, पण कानाच्या टोकाचं रक्त थांबत नाही. डॉक्टरांचं बिल २,४०० झालं, ते मी भरलं आणि त्या कुत्र्याचं वर्षभराचं काम फुकट केलं. या धंद्याची खरी ढिलाई सरांच्या नजरेतून सुटलीय, ती इथे आहे. माझ्यासारखं लहान दुकान असेल तर महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने कायद्याखाली नुसती सूचना द्यायची, झालं. गाळा आणि क्लिपर असेल तो ग्रूमर. जिवंत, थरथरणाऱ्या जनावराच्या डोळ्यापाशी तुम्ही कात्री नेऊ शकता का, याची परीक्षा कुणी घेत नाही. कुत्रा आवरत नाही म्हणून काही जण त्याला गुंगीची गोळी देतात. ते काम १९८४ च्या पशुवैद्यक कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या पशुवैद्याचं आहे, आणि चपट्या नाकाच्या पगला, शित्झूला तर त्यात जिवाचा धोका. मे महिन्यात बंद पिंजऱ्यात गरम ड्रायर लावून पगला वाळत ठेवणारेही आहेत. पाचशे रुपयांत सगळं करून देणारी दुकानं कुठून वेळ वाचवतात, हे एकदा उभं राहून बघा. स्वस्त हजामतीची किंमत कुत्राच देतो, आणि त्याला तक्रारही करता येत नाही.

राहिली ती म्हण. तुंबडी लावताना सरांनी कुणाला पाहिलं नसावं. मी आजोबांना पाहिलंय. मुरगळलेल्या, सुजलेल्या जागेवर पोकळ शिंग टेकवायचं, तोंडानं हवा ओढून घ्यायची आणि साकळलेलं रक्त वर आणायचं. डॉक्टर दहा कोसांवर असताना गावाचा तो इलाज होता आणि तो न्हाव्याच्या हातात होता. दुखऱ्या अंगाला हात लावण्याआधी त्याला बोलतं कसं करायचं, हे आजोबांना यायचं. म्हणीत हसण्यासारखं आहे ते भिंतीला लावणं. माझं टेबल भिंत नाही. त्यावरचं गिऱ्हाईक श्वास घेतं, लाथा झाडतं, आणि दुखलं तर चावतं.

दुकान काढलं तेव्हा वडील महिनाभर आलेच नाहीत. समाजाच्या बैठकीत कुणीतरी त्यांना म्हणालं होतं, पोरगं आता कुत्री भादरतंय म्हणे. मग एका मंगळवारी दुपारी आले, स्टुलावर बसले, काही बोलले नाहीत. एक म्हातारा ल्हासा होता, दोन्ही डोळ्यांनी अंध, आणि हनुवटीखाली कात्री नेली की मान काढून घ्यायचा. वडील उठले. त्यांनी डाव्या हाताचा अंगठा त्याच्या जबड्याखाली, दाढी करताना ठेवतात तसा ठेवला आणि दोन बोटं गालाला. ल्हासाची मान स्थिर झाली. मी कापलं. मग त्यांनी माझी कात्री घेऊन धार अंगठ्यावर बघितली, म्हणाले, “बोथट झालीय, धारवाल्याला दे,” आणि निघून गेले.

कात्रण मी दरपत्रकाच्या शेजारी चिकटवलंय. दरपत्रक मात्र नवीन छापायला टाकलंय. घरमालकानं भाडं वाढवलं आहे, मदतनिसालाही पगार वाढवून हवा आहे आणि तो मागतोय ते रास्त आहे. येत्या एक तारखेपासून शित्झूचे दोन हजार.